पुढच्या वर्षाचा पाय

लेक फोनवर रडली असती तर भूगोलबाईंना एवढी काळजी वाटली नसती. रडणाऱ्या लेकीला काय म्हणायचं ते कुठल्याही आईला कळतं. पण लेक अगदी शांतपणे म्हणाली, "सोमवारी राजीनामा देते आहे, आई. यापुढे मी लहान मुलांच्या पायाला हात लावणार नाही." आणि लगेच त्याच आवाजात, "तू जेवलीस का?"

हे गुरुवारचं. त्या 'जेवलीस का'ने बाईंच्या जिवाला जो घोर लावला तो शुक्रवारी गेला नाही, शनिवारी गेला नाही. बाबांनी दोनदा फोन लावून पाहिला. लेकीने उचलला नाही.

भूगोलबाई हे त्यांचं शाळेतलं नाव. तीस वर्षं भूगोल शिकवला, नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्तीनंतर भाजीवालासुद्धा त्याच नावाने हाक मारी. त्यांचे यजमान, म्हणजे लेकीचे बाबा, वेधशाळेत होते. आणि लेकीला घरात सगळे सुतारीण म्हणत.

ते नाव तिने स्वतः कमावलं होतं. डगमगणारी वस्तू तिला सहन होत नसे. पाच-सहा वर्षांची असल्यापासून फ्रॉकच्या खिशात पुठ्ठ्याच्या घड्या घालून हिंडायची. कुणाकडे जेवायला गेलं आणि टेबल जरा हललं की ही टेबलाखाली. वर मोठी माणसं गप्पा मारताहेत, आणि खालून आवाज येतोय, "काका, पाय उचला ना, तुमच्यामुळे कळत नाहीये कुठला पाय आखूड आहे!" एकदा चर्चमध्ये भर प्रार्थनेत ती बाकाखाली शिरली. प्रार्थना संपल्यावर सगळे उठले, ही बाकाखालीच. पण त्या बाकाचं डुगडुगणं गेलं ते कायमचं.

इंजिनिअरिंगला घातली, तर दुसऱ्या वर्षी सोडून आली. "तिथे सगळं कागदावर आहे, आई." मग कृत्रिम पाय बनवायचा अभ्यासक्रम तिने स्वतःच शोधून काढला आणि दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यात लागली. सुरुवातीला बाईंना चारचौघांत सांगायची चोरी वाटे. कुणी विचारलं तर "वैद्यकीय क्षेत्रात आहे" म्हणायच्या. मग लेकीने तिच्या पहिल्या पायाची हकिगत सांगितली. गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारा पोस्टमन. पाय बसवला, पट्टे आवळले, कारखान्यातल्या दोन दांड्यांच्या मधून चार फेऱ्या मारायला लावल्या. मग तो म्हणाला, "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो." गेला तो दीड तासाने उगवला. मास्तर, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, लेकीवर भडकलेले. नवा पाय घेऊन पळाला की काय! पोस्टमन घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "तीन कोपरे झाले. चौथा राहिला, त्यावर कुत्रं होतं." त्या दिवसापासून बाई न विचारता सांगू लागल्या, "माझी लेक पाय करते."

लेकीचा हात लहान मुलांच्या कामात विशेष बसला. ते काम सगळ्यांत किचकट. मोठ्या माणसाचं माप एकदा घेतलं की झालं, मुलाचं माप घेईपर्यंत मूल वाढलेलं असतं. म्हणून त्या कारखान्यात एक पद्धत होती. पायाचा उरलेला भाग ज्या पेल्यात बसतो, त्याला ते सॉकेट म्हणत. मुलांचं सॉकेट एकसंध न करता कांद्यासारखं करायचं, आत एकात एक तीन-चार पापुद्रे. मूल वाढलं की आतला एक पापुद्रा काढून टाकायचा, जागा होते. आणखी वाढलं की दुसरा काढायचा. एक पाय असा दीड-दोन वर्षं पुरे. पापुद्र्यांनी पाय थोडा जड होतो, पण त्याला इलाज नसतो. मूल पुढच्या वर्षाचं वजन आजच उचलून चालतं, असं मास्तर म्हणायचे.

इथे बाईंची गोष्ट सुरू होते. तीच त्यांना कुणाला सांगता येत नव्हती.

गेल्या वर्षी बातम्याच तशा होत्या. वर्तमानपत्र उघडलं की युद्ध, पान उलटलं की भूकंप, त्याच्या पुढे दुष्काळ. चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी एका प्रवचनकाराचं रेकॉर्डिंग पाठवलं. आवाज गोड, ठाम, न अडखळणारा. शास्त्रात सांगितलेली सगळी चिन्हं पुरी झाली, प्रभूचं येणं आता दाराशी आलं आहे, फार तर एक वर्ष, असं त्याचं म्हणणं. बाईंनी शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला आणि जिथे भूकंप झाला तिथे पेन्सिलीने टिंब द्यायला लागल्या. भूकंप त्याच त्या पट्ट्यात होतात हे त्यांनीच तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तरी टिंबं वाढत गेली तशा त्या रात्री उठून नकाशा पुन्हा बघू लागल्या. एका दुपारी त्यांनी ते रेकॉर्डिंग लेकीला पाठवलं. खाली लिहिलं, 'ऐक. मला एकटीला भीती वाटते.'

लेकीने ऐकलं. मग पुढचं मागवलं, मग त्याच्या पुढचं. चाळीस भाग तिने कामावर, कानाला लावून, प्लास्टर घोटता घोटता ऐकले. आणि झालं उलटंच. बाईंची भीती तशीच राहिली, लेक मात्र निवांत झाली. "किती छान ना आई," ती म्हणायची. "कुणाला पायच लागणार नाहीत. आमचा कारखाना बंद!" हसायची. बाईही हसायच्या, पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायच्या.

मग भिंगरी आली. सात वर्षांची मुलगी, जन्मतःच एका गुडघ्याखाली पाय नव्हता. आई बस डेपोत तिकिटं द्यायची, मुलगी दिवसभर एका पायावर गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. आधीचा पाय तिला जड वाटायचा. संध्याकाळ झाली की ती तो काढून ठेवायची. सुतारिणीने तिच्यासाठी नवा पाय केला आणि त्याच रात्री आईला फोनवर सांगितलं, "आई, अख्खा पाव किलो हलका! पोरगी पळाली गं! पोस्टमनच्या वरताण!"

"इतका हलका कसा काय केलास?"

"जमवला."

जमवला तो असा, की आतले पापुद्रे घातलेच नाहीत. आजचं माप, आजचा पाय. बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे मास्तरांच्याही लक्षात आलं नाही. जे वर्ष यायचंच नाही त्याचं ओझं त्या एवढ्याशा जिवाने का वाहायचं, हा तिचा हिशेब. आळस नव्हता, कामचुकारपणा नव्हता. तिच्या बारा वर्षांच्या कामातला तो सर्वांत देखणा पाय होता.

पाच महिन्यांत भिंगरी वाढली. वाढणारच. पाय आवळायला लागला, फोड आले. पोरीने कुणाला सांगितलं नाही. हा पाय काढून घेतील म्हणून मोज्यात कापूस कोंबून ती पळत राहिली. तिच्या आईने मोजा धुवायला काढला तेव्हा रक्ताचा डाग दिसला. गुरुवारी त्या दोघी कारखान्यात आल्या, मास्तरांनी एक पापुद्रा काढायला हत्यार हातात घेतलं, आणि आत काढायला काहीच नव्हतं.

हे सगळं लेकीने त्या गुरुवारच्या फोनवर सांगितलं होतं. आणि शेवटी असं एक सांगितलं होतं, जे बाईंना कुणापाशीच उच्चारवेना. "प्रभू आला नाही याचं मला काही वाटलं नाही, आई. येईल तेव्हा येईल. पण ती जखम बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितीये? ही पोरगी वाढली कशाला. क्षणभर मला तिचा राग आला. ती वाढली म्हणून! असल्या माणसाने मुलांचे पाय करावेत का?"

आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "तू जेवलीस का?"

शुक्रवारी बाईंनी नवऱ्याजवळ विषय काढला. फिरवून, लांबून. "अहो, तुम्हाला काय वाटतं, हा शेवटचा काळ आहे का?"

बाबा खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. "अगं, पस्तीस वर्षं नोकरी केली मी. उपग्रह होते, फुगे होते, वर शास्त्रज्ञ होते. तरी उद्याचं सांगताना आमची भंबेरी उडायची. आम्ही ऊन सांगितलं की लोक छत्री घेऊन निघायचे. आणि तुझा हा रेकॉर्डिंगवाला घरात बसून जगाचं सांगतो?"

"पण चिन्हं तर दिसताहेत ना?"

"चिन्हं रोजच असतात. ढग कधी नव्हते?" त्यांनी चष्मा चढवला. "मी चर्चला गाण्यासाठी येतो, हे तुला लग्नाआधी सांगितलं होतं. बाकी मला कळत नाही. पोरीचं काय झालंय ते सांग."

"काही नाही," बाई म्हणाल्या.

शनिवारी वन्सं आल्या. म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, लेकीची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, जिभेला धार. रविवारची उपासना आयुष्यात तीनदा चुकली, त्यातली दोन बाळंतपणं. बाईंना वाटलं होतं, वन्सं तरी हो की नाही ते ठाम सांगतील.

"आहेच मुळी शेवटचा काळ," वन्सं म्हणाल्या. "प्रभू वर गेला त्या दिवसापासून शेवटचाच काळ आहे. दोन हजार वर्षं झाली. माझ्या जन्मापासून तर नक्कीच, मी स्वतः बघते आहे. त्यात घाबरायचं काय?"

"पण वन्सं, कुणी म्हणतात एक वर्ष..."

"मी चौदाची होते तेव्हा एकाने तारीखच दिली होती. बुधवार! आमच्या शेजारणीने शिवणयंत्र वाटून टाकलं, आता कपडे कुठे लागणार म्हणून. गुरुवारी सकाळी मागायला गेली. तर घेणारीण म्हणते कशी, 'देते की. प्रभू आला की लगेच देते.'" वन्सं स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, "शेजारीण मात्र भली बाई हो. हसू नये तिला. तिने विश्वासाने दिलं होतं. नंतर सहा महिने ती लोकांकडे तोंड दाखवत नव्हती. माझी आई रोज तिच्या दारात जाऊन बसायची. बोलायची काही नाही, शेंगा सोलत बसायची. एक दिवस ती बाहेर आली आणि सोलू लागली."

बाई रिकामा पेला हातात फिरवत राहिल्या. वन्संनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या तोंडाला कुलूप का लागलंय गं? सुतारीण ठीक आहे ना?"

"हो. कामात आहे."

रविवारी उपासना झाल्यावर सगळे पांगेपर्यंत बाई शेवटच्या बाकावर थांबल्या. पाळकसाहेब तरुण होते, बाईंचेच कधीकाळचे विद्यार्थी. नकाशात नद्या उलट्या वाहवायचे. अजूनही बाईंसमोर आपोआप सरळ उभे राहत.

"पाळकसाहेब, खरं सांगा. हा शेवटचा काळ आहे की नाही?"

"बाई, परीक्षा घेताय?" ते बाजूला बसले. "काही जाणकार म्हणतात, ती पुष्कळशी वचनं त्या काळातल्या एका शहराच्या पाडावाबद्दल होती, आणि ते कधीच होऊन गेलं. काही म्हणतात, सगळं अजून पुढे आहे. तुमच्या वन्सं म्हणतात, तेव्हापासून सतत चालू आहे. माझ्या वाचनात तिन्ही बाजूंना माझ्याहून शहाणी माणसं आहेत."

"आणि तुम्ही?"

"मला माहीत नाही. प्रभूने स्वतः सांगितलं की तो दिवस त्यालाही ठाऊक नाही. मग मी कोण? मला एवढंच दिसतं की मालक परत येईल तेव्हा नोकर कामात सापडावा, एवढीच त्याची अपेक्षा. दारात सामान बांधून बसलेला सापडावा असं कुठे म्हटलेलं नाही."

"आणि कामात चूक झाली असेल तर? विश्वासापोटी झाली असेल तर?"

पाळकसाहेब म्हणाले, "मग ती चूक विश्वासाची नसते बाई, घाईची असते. आणि घाई दुरुस्त होते." मग हळूच म्हणाले, "कुणाचं चाललंय हे?"

"एका ओळखीच्या मुलीचं," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चर्चमध्ये बसून खोटं सांगितलं.

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला. बाई धावल्या. मास्तर होते. त्यांचा आवाज बाईंनी एरवी दोनदाच ऐकला होता. प्रत्येक शब्द तासून बोलल्यासारखा.

"तुमच्या मुलीचं पाकीट टेबलावर आहे. पहाटेच रखवालदाराजवळ देऊन गेली. मी फोडलेलं नाही. तुम्ही आई ना तिची?"

"हो. मास्तर, तिच्या हातून जे झालं..."

"ते मला माहीत आहे. आमच्याकडे प्रत्येकाचं एक मूल असतं, बाई. माझंही आहे. मी पंचवीस वर्षांचा होतो, घाईत त्याचा घोटा चुकीच्या कोनात बसवला. अजून त्याचं नाव आठवतं. आता त्याला नातवंडं झाली असतील." मास्तर खाकरले. "पण त्यासाठी फोन केलेला नाही. अडचण अशी आहे की ती पोरगी इथे येऊन बसली आहे."

"कुठली? भिंगरी?"

"जखम सुकली आहे. नव्या पायासाठी प्लास्टरचा साचा घ्यायचाय. मी घ्यायला गेलो तर पाय पोटाशी घेऊन बसली. म्हणते, आजोबांचे हात गार आहेत. सुतारीण पाहिजे."

"तिला... तिला सुतारीण म्हणते?"

"अख्खा कारखाना म्हणतो. तुमच्या मुलीनेच सांगितलंय सगळ्यांना. पोरीच्या आईला मी म्हटलं, अहो, चूक झाली आहे तिच्याकडून. तर ती बाई म्हणते, माहीत आहे, पण माझी लेक आयुष्यात पहिल्यांदा पळाली ती त्याच पायावर. तिला म्हणावं, तसाच कर, फक्त आत पापुद्रे घाल." पलीकडे कुणी मूल काहीतरी ओरडलं, मास्तर फोनपासून दूर होऊन म्हणाले, "अगं उतर, उतर त्या बाकावरून! एका पायावर आहेस!" मग परत, "त्या बाईची डेपोतली पाळी बाराला सुरू होते. साडेअकरापर्यंत थांबते म्हणाली. तुमच्या मुलीची खोली इथून चालत दहा मिनिटांवर. मी सकाळपासून चारदा फोन लावला, उचलत नाही. तुम्ही लावला होता का?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्या बाबांनी लावला होता."

"तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारपासून एकदाही नाही."

मास्तरांनी का ते विचारलं नाही. "मग तुम्ही लावा. दुपारपर्यंत मी पाकीट फोडत नाही," एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

बाबा दारात उभे होते. त्यांनी बरंचसं ऐकलं असावं.

"तूच लाव," ते म्हणाले. "माझ्याशी ती हवामानावर बोलते."

"काय सांगू तिला?"

"तेच तर. जग संपत नाहीये असं सांगणार? ते माहीत आहे का तुला?"

"नाही." बाईंना नवल वाटलं की हा शब्द म्हणताना भीती वाटली नाही. "ते मला माहीत नाही. ते रेकॉर्डिंग तिला मी पाठवलं होतं, हे माहीत आहे."

बाबा खुर्ची ओढून बसले.

"पहिलं मी पाठवलं. मला भीती वाटत होती, ती एकटीने सोसवेना, म्हणून लेकीच्या गळ्यात घातली. आणि ती पोर, तिने माझी भीती घेतली आणि तिचा एक हलका पाय केला. आता सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली आहे, आणि मी तीन दिवस तीन लोकांना विचारत फिरते आहे की काळ कुठला आहे!"

"मला शुक्रवारीच सांगायचं होतंस."

"लाज वाटली हो."

"आणि मग?" बाबांचा आवाज खाली आला. "पुढे काय सांगशील?"

बाईंनी विचार केला. दर जूनमध्ये लेकीचे नवे बूट घ्यायला जायच्या तेव्हा दुकानात एक क्षण त्यांनाही राग यायचा. इतक्यात वाढली? मागच्या वर्षीचे कोरेच तर आहेत. मग पोरगी नव्या बुटांतून दुकानभर धावायची आणि त्या तो राग विसरून जायच्या. इतक्या वर्षांत तो कुणाला सांगावा असं वाटलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

"सांगेन, की मूल वाढल्याचा राग मलाही यायचा," त्या म्हणाल्या. "तिच्यावरच. आणि तरी बूट घेतले. सांगेन, की प्रभू आज साडेअकराला आला तरी चालेल, पण ती भिंगरी बाकावरून पडायच्या आधी तिथे कुणीतरी पोचलं पाहिजे."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी. "हे आधी सांग. बाकीचं नंतर."

"नाही. आधी माझं सांगते. नाहीतर परत राहील."

घड्याळात दहा वाजून सदतीस मिनिटं झाली होती. बाईंनी पदराने हात पुसले, बाबांना म्हणाल्या, "तुम्ही जरा पलीकडे जा. तुमच्यासमोर मला नीट रडता येणार नाही," आणि लेकीचा नंबर लावला.